तेराच्या खाली

रक्त वाचायला फार काही लागत नाही.
एक थेंब, दोन काचा,
एक काच दुसरीवरून तिरकी ओढायची.
शेपटाच्या जरा अलीकडे पेशी सुट्या सुट्या बसतात,
वाचायचं तिथे.
परळ, तळमजला, खोली क्रमांक अकरा,
सव्वीस वर्षं मी तिथेच वाचते आहे.

जव्हारच्या शालन भोयेच्या पेशी
विळ्यासारख्या वाकलेल्या.
तिनं विचारलं, गवत कापताना हाडांत कळ येते ती याचीच का?
म्हटलं, गवताचा दोष नाही, बाई,
पाणी पीत राहा, कॅप्सूल चुकवू नको.

माहीमच्या रूबेनचा दुधाचा दात पडला
आणि दोन दिवस उशी लाल होत राहिली.
आता त्याला शिरेतून फॅक्टर आठ देतात.
त्याच्या पेशी मात्र किती देखण्या होत्या!
काचेला सगळं दिसत नाही,
हे मी तेव्हा शिकायला हवं होतं.

नियती भानुशाली मुलुंडहून येते,
दर एकवीस दिवसांनी.
थॅलेसेमिया मेजर. वय सतरा. बारावी कॉमर्स.
एका हातात सुई गेली की दुसऱ्या हातानं ताळेबंद मांडते.
आज पिशवी जुळायला वेळ होता,
दारात उभी राहून म्हणाली,
मावशी, मला माझं रक्त बघायचंय.

मी स्टूल ओढून दिलं.
डोळा लावून ती गप्प.
मग म्हणाली, यातलं माझं कुठलं?

गोल, भरलेल्या दिसतात ना, त्या लोकांच्या.
कुणी भायखळ्याचा पोस्टमन असेल,
कुणी कॉलेजच्या शिबिरात रांगेत उभी राहिलेली.
आणि ती कोपऱ्यातली, लहान, फिकट,
मधोमध ठिपका असलेली,
ती तुझी.

शाळेच्या फोटोत स्वतःला शोधून काढावं
तशी ती पाहत राहिली.

देणारे चहा-बिस्कीट घेऊन घरी जातात,
त्यांचं लोखंड हिच्यात राहतं,
यकृतात, काळजात.
ते काढायला लहानपणी रात्रभर पोटाला पंप,
आता गोळी, पेल्यात विरघळवून, उपाशीपोटी.
खडू पितेय असं वाटतं, म्हणते.
फेरिटिन अठ्ठावीसशे आलं तेव्हा म्हणाली,
एवढे मार्क कुठेच मिळाले नाहीत मला.

तिला डोळा काढवेना, म्हणून मी फाइल चाळली.
मागचा रिपोर्ट शोधताना तळाशी गेले.
पिवळा कागद. रंजनबेन भानुशाली, पाचवा महिना.
हिमोग्लोबिन दहा पॉइंट चार.
पेशीचा आकार त्रेसष्ट. पेशी त्रेपन्न लाख.
खाली अक्षर माझं:
लोहाची कमतरता?
प्रश्नचिन्हाचा टिंब नीट गोल दिलेला.

ते प्रश्नचिन्ह कुणी वाचलं नाही.
डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या,
रंजनबेननं त्या इमानानं घेतल्या असणार,
लिंबाचं पाणी घेऊन, चार महिने.
बापाचं रक्त कुणी मागवलंच नाही.
तोही असाच फिकट, हिंडता-फिरता, धडधाकट.

लोह कमी असतं तर पेशीही कमी असत्या.
त्रेसष्टला पाच पॉइंट तीननं भागायचं.
उत्तर तेराच्या खाली आलं
तर गोळी लिहिण्याआधी थांबायचं,
नवरा-बायको दोघांचं तपासायचं.
आता मी प्रत्येक गरोदर बाईचा हा भागाकार करते,
मशीन बोलण्याआधीच.
तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणता येईल.
पुस्तकात होतं.

हातमोज्यांच्या खोक्यावर पेन्सिलीनं मांडलं.
अकरा पॉइंट नऊ.

काय भागताय, मावशी?
ती कधी वळली कळलं नाही.
खोकं स्वतःकडे ओढून तिनं ओठांत पुटपुटत हिशोब केला.
अकरा पॉइंट आठ आठ येतं.
तुम्ही वर ढकललंत.
चालतं, म्हणाली, उत्तर बरोबर आहे.

वॉर्डातून तिच्या नावाचा पुकारा झाला,
पिशवी जुळली होती.
तो पिवळा कागद मी फाइलच्या वर ठेवला,
मग तळाशी,
मग पुन्हा वर.