माया

देवीची चोळी शिवते मी. एकवीस वर्षं झाली.
माप भटजी आणतात:
केळीच्या सोपटाचा दोर, त्याला गाठी.
पहिली गाठ दंडाची, शेवटची कमरेची.
मधली ते दरवर्षी विसरतात
आणि अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणतात,
"तिथलं काय ते तुम्हीच समजून घ्या."

मी समजून घेते.

आंबेखोलच्या देवळात
गर्भकुडीच्या उंबऱ्याला चांदीचा पत्रा आहे.
त्याच्या अलीकडे मी, वाड्यावरच्या साऱ्या बायका
आणि नगारखान्यातली मांजरी.
मांजरी मात्र पलीकडेही जाते,
नैवेद्याच्या वासानं.
चार वेळा व्याली आहे ती.
तिच्यामागून कुणी गोमूत्र शिंपडत नाही.

माझा विटाळ संपून नऊ वर्षं झाली.
उंबऱ्याला त्याचा पत्ता नाही.

आतलं मला कापडांनी सांगितलं.
जत्रा सरली की उतरलेली चोळी
पावणीला जाण्याआधी माझ्याकडे येते,
टाके सुटले असतील तर घालायला.
काखेत तेलाचा डाग, पाठीला चंदन,
वटवाघळांचा थोडा वास,
आणि डाव्या खांद्यावर शिवण ताणलेली.
दरवर्षी. डाव्याच खांद्यावर.
म्हटलं, हा हात उचललेला असणार.
भटजी म्हणाले, "छे, दोन्ही सारखेच."
रोज न्हाऊ घालणारा माणूस!

आमच्यात सांगतात,
फिरंग्यांच्या काळात ती जुवारीपलीकडून आली,
रात्री, होडीतून,
कणगांच्या पाटीत खाली लपवून.
पाटी एका बाईच्या मांडीवर होती.
तिचं नाव कुणाला आठवत नाही.
होडीत चढताना तिला कुणी विचारलं असेल का,
"गो बाय, तुझे दिवस किती झाले?"

यंदा धाकट्या जावेच्या ऊर्मीनं अर्ज दिला.
फोंड्याला कोर्टात कारकून आहे ती,
अर्ज कसा लिहायचा तिला कळतं.
महाजन अग्रशाळेत बसले, पंखा लावून.
आम्ही बाहेर, तळीच्या पायऱ्यांवर.
रमाकांतबाब परंपरेवर बोलले.
मग कुणीतरी हायकोर्टाचं नाव काढलं
आणि बराच वेळ नुसता पंखाच ऐकू आला.
शेवटी ठरलं, कौल लावू. देवीच सांगेल.

ओल्या पाकळ्या लावल्या तिच्या अंगावर.
उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.
दोन तास झाले. समईत तेल पुन्हा घातलं.
एकही पडली नाही.
रमाकांतबाब म्हणाले, "म्हणजे नाहीच."
ऊर्मी म्हणाली, "म्हणजे ती विचार करते आहे."
मला वाटलं,
चोळी काचते आहे तिला.
श्वासच घेता येईना
तर पाकळी हलणार कशी?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी उंबऱ्याशी जाऊन बसले.
म्हटलं, "भटजी, दोर घ्या. मी सांगते तसं."
त्यांनी समई जवळ ओढली.
"काखेतून फिरवा. खाली. अजून खाली.
आता तिथं गाठ मारा. हो, तिथंच."
त्यांचे कान मला मागूनही दिसत होते,
जास्वंदीसारखे.
बाईला बाईनं हात लावला तर विटाळ,
आणि या बिचाऱ्यानं घामाघूम व्हायचं.
मग खूप वेळानं, वळून न बघता, ते म्हणाले,
"वहिनी,
हात वरच आहे हो."

एकवीस वर्षं.

आज कापते आहे. हिरवा खण, काठाला जर.
डावा खांदा वेगळा बेतला.
आणि प्रत्येक शिवणीला दोन दोन बोटं माया सोडली.
आत दुमडली की वरून दिसत नाही,
महाजनांना तर नाहीच.
उसवून मोठी करायची वेळ आली
तर कापड कमी पडायला नको.

ऊर्मी दारात उभी राहून बघत होती.
"काकी, एवढी माया?"
म्हटलं, असू दे.
सुईत दोरा ओवून दे जरा,
मला आता दिसत नाही.