खुणेचं पान

नवी पेठेतल्या दुकानात
मी पुस्तक मधूनच उघडते
आणि एक पान वाचते
नागमणी येमुलच्या वेगानं,
जोडाक्षरापाशी बोट अडवत.
घरी तेलुगू, बोळात कानडी,
मराठी तिला शाळेतच भेटते.

"बोधकथा न्या बाई. रंगीत. वीस टक्के सूट."
बाराशे रुपये, चाळीस पोरं.
मी विचारते, प्रकरणं आहेत?
लहान लहान,
एक मिटताना पुढचं दार
किलकिलं ठेवणारी?

पहिल्यांदा तिनं विचारलं होतं,
"बाई, धडा संपला. स्वाध्याय कुठं हाय?"
नाही म्हटलं
तरी पान उलटून बघून घेतलं तिनं.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं
तंबाखूच्या वासाचं.
आठव्या प्रकरणात खुणेला
फर्म्यावर कापलेलं विडीचं पान,
आईच्या सुपातलं.
पुढची दोन प्रकरणं कोरी करकरीत.

"आवडलं नाही का गं?"
"आवडलं की.
पण वाचलं तर संपलं असतं."

दुकानदार बिल करतोय.
मी वरच्या फळीवरचं ते जाड पुस्तक मागते,
सव्वीस प्रकरणांचं,
सूट नसलेलं.