फुली

माझं काम चौकोन काढायचं.
काळी शाई, पोलादी पट्टी, ट्रेसिंगचा कागद,
खिडकीबाहेर कार्नियाचे डोंगर,
जे कुठल्याच चौकोनात बसत नसत.

चौकोनाच्या डोक्यावर एक उभी रेघ : कंपनी.
दोन : बटालियन.
तीन : रेजिमेंट.
आणि रेघा पुरेनाशा झाल्या की
फुली.
फुली म्हणजे ब्रिगेड.

कॅप्टन मोरोकुत्ती कॉफी ढवळत सांगायचा,
त्सानिएर, हे सगळं स्वीडनच्या एका राजानं सुरू केलं,
जर्मनीच्या चिखलात लढताना.
त्याआधी फौज म्हणजे नुसता गोळा,
ढकलला तर सरकायचा, फुटला तर फुटायचा.
त्यानं चार-दोन रेजिमेंटांची मोट बांधली,
भाले, बंदुका, हलक्या तोफा एकत्र,
आणि म्हणाला, आता तुमचं तुम्ही लढा.
मग सगळ्यांनीच बांधल्या.
कुठे तीन हजारांची, कुठे पाच.
कुठे ब्रिगेडियर जनरलांच्या पंगतीत जेवतो,
कुठे अजून कर्नलांतलाच थोरला.
आणि आपल्याकडे?
आपल्याकडे ब्रिगादिएरे म्हणजे चौकीवरचा हवालदार,
मिशीला रस्सा लागलेला.
एवढं बोलून तो स्वतःच हसायचा.

पण शब्द आमचाच. ब्रिगाता.
म्हणजे टोळकं. एका टेबलाशी बसलेली चार माणसं,
पाचव्यासाठी सरकून जागा करणारी.

आमची ब्रिगेड खेचरांची.
डोंगरी तोफ सुटी व्हायची, बारा तुकड्यांत :
एकीवर नळी, एकीवर पाळणा, एकीवर चाकं,
आणि वर चढल्यावर, बर्फात, बोटं बधिर असताना,
पुन्हा तोफ.
मला वाटायचं, संघटना म्हणतात ती हीच.
सुटं होता येणं,
आणि आपला तुकडा कुणाच्या पाठीवर आहे ते ठाऊक असणं.
ग्रिसाल्दा नावाची एक होती, खुरावर नंबर डागलेला.
नळी फक्त तीच न्यायची,
आणि फक्त इलारिओनं हाक मारली तर.
माझ्या तक्त्यात ती
‘वाहतूक’ या शब्दातल्या अनुस्वाराएवढीही नव्हती.
आणि त्या शब्दात अनुस्वार नाहीच.

मग रोमहून कागद आला.
कॅप्टननं लाल पेन्सिल घेतली
आणि माझ्या फुलीवर फुली मारली.
खेचरांचा लिलाव मंगळवारी झाला.
इलारिओनं ग्रिसाल्दाला सकाळपासून खरारा केला,
बोली लागेस्तोवर करत राहिला,
नंतर ब्रश खिशात घालून घरी गेला.

मी कपाटं रिकामी करत होतो.
तळाशी एक जुनी वही, सोळा सालची,
पहिल्या मोठ्या लढाईतली. उंदरांनी कड खाल्लेली.
बायकांच्या मजुरीची.

आमच्या गावच्या बायका.
पाठीवर वेताचं टोपलं, त्यात तोफगोळे, पाव, चुना,
दंडावर लाल पट्टी,
हातात विणायच्या सुया, चढतानाही चालू.
खिंडीपर्यंत चार तास.
उतरताना सैनिकांचे उवा पडलेले सदरे, धुवायला,
कधी स्ट्रेचरचं एक टोक.
त्यांना कोणी हुकूम देत नव्हतं. मजुरी देत होतं.
कुठल्याही तक्त्यात त्यांच्यापर्यंत रेघ जात नाही.

नावं कारकुनाच्या अक्षरात, गोल गोल.
सहाव्या ओळीत ओर्सोला त्सानिएर,
माझ्या वडिलांची आत्या.
मी तिला पाहिली ती म्हातारी झाल्यावर,
एक खांदा खाली, चर्चच्या भिंतीला टेकलेली,
युद्धाबद्दल विचारलं की म्हणायची,
जोडे भिजायचे रे फार.

तिला लिहिता येत नव्हतं. कुणालाच नव्हतं.
नावांपुढे फुल्या.
एक तिरकी, एक घाईतली,
एकीत शाई सांडून पसरलेली,
ओर्सोलाची ठसठशीत, कागद फाटेल अशी.

मी मोजल्या, सवयीनं.
एका पानावर चौतीस.
खाली एकाही फुलीला
चौकोन नाही.