सातवं पाणी

किलोभर मेथी दळून, लाडू वळून
वत्सला गेली नाशकाला, लेकीच्या बाळंतपणाला.
डब्याच्या तळाशी मूठभर दाणे उरले
आणि घरात मी.

मालाडला मासळीबाजाराच्या तोंडाशी
मथुराबाई केणी बसते,
ओल्या फडक्यावर समुद्रमेथी मांडून.
करंगळीएवढ्या जुड्या, मुळं पांढरी,
काही पानांच्या डोक्यावर अजून बियांची टोपी.
विचारलं, घरी होईल का?
"वाळूत कर. माती नको, खत नको.
रात्रभर भिजव, फडक्यात बांध, मोड डोकावले की पेर.
आणि भांडून पेरू नको, कडू होते.
सासू सांगायची माझी."
अहो, पण मेथी कडूच असते.
"मग? न भांडणारं घर
बघितलंस का कुठं?"

शेजारी जुनी इमारत पाडून नवी चढतेय.
तिथल्या वॉचमननं घमेलंभर वाळू दिली.
चाळली, तर निघाले
एक शिंपला, बिडीचं थोटूक,
आणि कुणाच्या तरी न्हाणीघराची
निळी कपची.

खोका मासळीचा, थर्माकोलचा.
तळाला भोकं पाडली, ग्रिलमध्ये ठेवला.
तीनदा धुतला तरी बांगडा काही जाईना.

फोनवर वत्सला:
"सकाळी मेथीचं पाणी घेता ना? साखर वाढेल."
घेतो, म्हणालो.
औषध तर पेरून बसलो होतो.

दोन दिवस नुसती वाळू.
तिसऱ्या दिवशी ती जरा फुगली,
जशी झोपलेल्याची कूस.
चौथ्या दिवशी कबुतरांनी कोपरा उकरला,
मग तिची जुनी ओढणी वरून ताणली.

आठव्या दिवशी नात झाली.
दहाव्या दिवशी मेथी काढली.
हिला कापत नाहीत, मुळांसकट उपटतात.
हाताला येताना अगदी बारीक
सुटल्यासारखा आवाज होतो.

वत्सला सात पाण्यांतून काढते.
मी तिसऱ्यालाच कंटाळलो.
लसूण, मिरची, चरचर फोडणी,
आणि परातभर हिरवं
कढईत डावभर झालं.

पहिल्याच घासाला कर्र.
ह्याच कर्रवरून एकतीस वर्षं
ताट पुढं सरकवत आलोय मी.

फोन लागला. मागं नात रडत होती.
"जेवलात? काय केलंत?"
समुद्रमेथी.
"तुम्ही? आणि वाळू?"

अजिबात नाही, म्हणालो,
जिभेच्या टोकावर
तो एक कण घोळवत.