चारशे सातमधली बटणं

बटणं चौदा, दिवे सहा.
बाकीच्यांचं काय, ते रमणीकभाईला विचारा.
तो म्हणतो, बेन, वायरिंग माझ्या आधीचं आहे.

सयाजीगंजमध्ये, स्टेशनच्या पाठीमागे आमचं हॉटेल.
चौथ्या मजल्याच्या खोल्या माझ्याकडे.
चारशे सातमध्ये कोरियाचे मिस्टर चो उतरले,
हालोलकडच्या काचेच्या कारखान्यात
भट्टी बसवायला आलेले.
पहिल्याच रात्री अकराला खाली फोन.
एकच शब्द कळला : वॉटर.

गेले तर टॉवेल गुंडाळून, चष्मा लावून
नळासमोर उभे,
पेपर हातात पडलाय आणि काहीच येत नाहीये
अशा चेहऱ्याने.

आमच्याकडे लाल खुणेतून थंड येतं, निळीतून गरम.
कुण्या प्लंबरने कधी उलटं बसवलं,
आम्हाला तेच सुलटं झालंय.
आणि गीझरचं बटण न्हाणीत नाहीच.
ते बाहेर, कपाटाच्या मागे,
जिथे हात घालताना अजून माझाही कोपर खरचटतो.

मी दाबून दाखवलं. लाल ठिपका लागला.
आता थांबा म्हणायचं. पण किती?
दोन्ही पंजे दोनदा उघडले : वीस.
त्यांनी वीस आकडे मोजले, ओठातल्या ओठात,
आणि धारेखाली हात धरला.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी मनगटावर, घड्याळ नव्हतं तिथे, बोट आपटलं.

बादली-मग समजवायला गेले
तर मग माझ्या हातातून घेऊन
त्यांनी रिकामाच डाव्या खांद्यावरून मागे असा ओतला
की मी गप्पच झाले.
आंघोळ त्यांना येत होती.
अडलं होतं ते आमच्या भिंतीपाशी.

तिसऱ्या दिवशी चादर बदलायला गेले,
तर प्रत्येक बटणाखाली पिवळी चिठ्ठी.
काड्या, गोल, परत काड्या.
अक्षर येत नव्हतं, पण बटणं पाठ होती,
म्हणून मी दुसऱ्या टोकाकडून वाचायला लागले :
हे पंख्याचं. म्हणजे हा पंखा.
हे आरशावरचं. हे पलंगाशेजारचं,
जे दाबलं की बाल्कनीत उजेड पडतो.

दांडिया बाजारात घरी आले,
लाइटबिलाच्या मागे 'पंखा' काढून बघितला.
वैदेही म्हणाली, आई, हे घर कसलं काढलंयस?
छप्पर तिरकं आहे.

अकरा दिवसांनी गेले.
टेबलावर नोट,
आणि रबर लावलेली लिल्या चेवड्याची पुडी, अर्धी.
पंड्यासाहेब म्हणाले, कुंदाबेन, आ बधा कागळ काढी नाखो,
संध्याकाळी पार्टी येतेय.

ओलं फडकं घेतलं, नखं लावली.
तेरा निघाल्या.
चौदावी दाराजवळच्या बटणाखाली,
ज्याने आजवर काहीच लागलेलं नाही,
ना दिवा, ना घंटी.
बाकी सगळ्यांना एकेक शब्द,
आणि ह्याला चार ओळी,
बारीक, कडेपर्यंत, शेवटची थोडी वर चढलेली.

ती राहू दिली.

आता सुरतचे येतात, नागपूरचे येतात,
बटण दाबतात, वर बघतात, परत दाबतात,
मग वाकून चिठ्ठी बघतात.
विचारलं तर सांगते, ते बंद आहे.

रमणीकभाई म्हणतो, फोटो पाड ने,
मोबाईल आता सगळं वाचून दाखवतो.
हो, म्हणते. पाडते.
गेले चार महिने
माझ्या फोनची बॅटरी
चारशे सातमध्येच नेमकी उतरते.