गाळपेर

बावीस तारखेला सकाळी फोन आला :
तळ्यावर बदकं मरताहेत, मॅडम,
आधी आमच्या कोंबड्यांचं काय ते सांगा.
मी बर्फाचा डबा, हातमोजे, सुतळी
आणि उरलेली अर्धी भाकरी घेऊन निघाले
साक्रीच्या पुढे, जिथे रस्ता
पवनचक्क्यांच्या सावल्या ओलांडत जातो.

धुडकू मालचे काठावर उभाच होता.
ट्रकची ट्यूब त्यानं पाण्यात लोटली,
एकेक बदक पायाला धरून आणलं,
गोणपाटावर ओळीनं ठेवलं.
तलवार बदकं अकरा. थापट्या सात.
एक हळदी-कुंकू. ते इथलंच,
कुठून आलेलं नव्हे.

"रातले उनात," तो म्हणाला,
"सकायले दारू पेल मानूसना मायक झुली राह्यनात.
एक तर मना हातमाच मान टाकी दी."
मग हात पँटीला पुसले. पुन्हा पुसले.

गावानं निदान आधीच करून ठेवलं होतं.
कुणी म्हणालं, पवनचक्कीच्या घुंईनं माथं फिरतं.
कुणी म्हणालं, त्या पाड्यावरच्यांनी टाकलं असेल काही,
आणि सगळे एकदम तळ्याकडे बघू लागले.
धुडकूनं ट्यूबमधली हवा उगाच दाबून पाहिली.

जीपच्या बॉनेटवर वर्तमानपत्र पसरलं.
चोच स्वच्छ. फुप्फुस स्वच्छ.
गळ्याखाली मात्र गच्च, न पचलेलं काही.
कात्री लावली.
चाळीस दाणे मोजले. गहू.
गुलाबी.

खायच्या गव्हाला असा रंग नसतो.
बियाण्याला औषध चोळतात
तेव्हा मुद्दाम घालतात तो,
माणसानं चुकून दळू नये म्हणून.
थैलीवर तीन भाषांत छापतात,
न वाचणाऱ्यासाठी कवटी काढतात.

तळं मागे हटतं तशी उघडी पडणारी ओल
पाड्यावरची माणसं दरवर्षी पेरतात.
नांगर नको, पाट नको,
गाळात दाणा फेकला की झालं.
आणि तिथेच, पाण्याच्या कडेला,
हजारो कोस उडून आलेलं पाखरू
रात्री चोच घालतं.
अंधारात गुलाबी नसतो.

"कुणी पेरलं?"
"मीच," धुडकू म्हणाला. "चार पांड.
फुकट भेटनी व्हती थैली.
तुम्हना हापिसना बाजूलेच."

फॉर्मवर एक रकाना असतो : संशयित.
पेन बराच वेळ त्याच्यावर टेकून राहिलं,
तिथे शाईचा एक ठिपका पडला.
नमुने पुण्याला जातील, अहवाल
गहू कापून झाल्यावर येईल.

अठरा बदकं आम्ही चुना टाकून पुरली.
एकोणिसावं बर्फात.
दिवस बुडाला तसा धुडकूनं घरून
एक परात आणली, एक माझ्या हातात दिली.
भाकरी अर्धी अर्धी खाल्ली.
मग वाजवत बसलो, तो त्या टोकाला, मी या.
वरून थवा आला, खाली झुकला,
आमच्या आवाजावर थबकला,
एक फेरी, आणखी एक,
आणि पूर्वेकडे वळला.

तिकडेही तळी आहेत.
तिथल्या काठांवर यंदा काय पेरलंय,
मी विचारलेलं नाही.