वीस ग्रॅमच्या आत

म्हसळ्याच्या पोस्टात एकतीस वर्षं
मी मस्कतला जाणारी पाकिटं तोलली.
तळहातावर ठेवताच सांगायची,
वीस ग्रॅमच्या आत, किंवा तिकीट वाढवा.
काट्यावर ठेवायचं ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.
निवृत्त झाले आणि वाटलं,
पाकिटं जिथं जायची ते गाव तरी बघून यावं. एकटीनं.

तिकीट काढलं, तसं सगळं घर शहाणं झालं.
भावजय म्हणाली, पासपोर्ट अंगावर ठेवा, बॅगेत नको.
भाचा म्हणाला, झेरॉक्स तीन, फोटो फोनमध्ये.
शेजारचे दळवीगुरुजी, जे पनवेलच्या पुढे गेलेले नाहीत,
म्हणाले, अनोळखी माणसाकडून खजूरसुद्धा घेऊ नका.
मी परकराला आतून खिसा शिवला,
दुहेरी टाक्याचा, वर टिचबटण, त्यावर सेफ्टी पिन.
मस्कतला उतरल्यावर पासपोर्ट काढायला
आधी बाथरूम शोधावं लागलं.

रुवीतल्या हॉटेलात पहिल्या रात्री
दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग,
बॅगेवर स्टीलचा तांब्या,
कोणी ढकललंच तर वाजेल म्हणून.
वाजला. पहाटे, एसीच्या थरथरीनं.
मी फोनवर चार वेळा नऊ दाबून बसले,
हिरवं बटण तेवढं राहिलं होतं.
तेवढ्यात बांग झाली.
आमच्या मोहल्ल्यातल्या बांगेहून जरा सावकाश,
पण शब्द तेच.
मग झोप लागली.

इथले डोंगर सोललेले.
मुत्राहच्या बाजारात लोबानच्या धुरात वाट चुकले
आणि चुकलेली दिसू नये म्हणून
एका दुकानात अर्धा तास चांदीच्या डब्या बघितल्या.
म्हाताऱ्या दुकानदारानं काही न बोलता
स्टूल पुढे केलं, मग कहावा, मग वाटी.
दळवीगुरुजी, मी घेतला.
तीन घेतले.

चौथ्या दिवशी बसच्या थांब्यावर ती भेटली.
कडेवर मालकिणीचं मूल, हातात कोथिंबिरीची पिशवी.
अम्मा, इंडिया? कब जाती?
परवा, म्हटलं.
ती कडप्पाकडची. दोन वर्षं झाली, म्हणाली.
चार दिवसांत मी इतकी पक्की प्रवासी झाले होते
की तिलाच उपदेश केला,
पासपोर्ट जपून ठेवतेस ना?
मॅडम के पास.
आणि फोन?
मॅडम के पास.

परकरातली पिन कुठेतरी उघडली असावी,
मांडीला टोचली.

तिनं ब्लाउजमधून कागद काढला,
वहीचा, चार घड्यांचा, घामानं मऊ झालेला.
अनोळखी माणसाची वस्तू विमानातून नेऊ नये,
हे भाच्यानं दोनदा बजावलेलं.
मी म्हटलं, उघडून दाखव.
तिला राग आला नाही. तिनं उघडला,
मुलाच्या डोक्यावरून धरला उन्हात.
तेलुगू. गोल गोल ओळी, एकही अक्षर कळेना.
आत दुसरं काही नव्हतं.

मग पत्ता. आईचं नाव ओबुलम्मा,
मैदुकूरच्या पुढे, चिंचेजवळचं घर.
पिनकोड तिला माहीत नव्हता.
मला माहीत होता, पहिले तीन आकडे तरी.
पाच, एक, सहा.
ते लिहिताना ती माझ्या बोटांकडे अशी बघत होती
जसं मी तिला तिथं सोडूनच येणार आहे.

बस आली, मूल रडायला लागलं,
ती चढली. नाव विचारायचं राहिलं.

एकतीस वर्षं मी खिडकीतून ओरडत आले,
पाठवणाऱ्याचा पत्ता लिहा, परत आलं तर कुठे येणार?
हॉटेलात पाकीट चिकटवलं,
त्या कोपऱ्यात म्हसळा लिहिलं.
तळहातावर ठेवून पाहिलं, जुनी सवय.

त्या रात्रीही खुर्ची लावली, बॅग, वर तांब्या.
या वेळी वाटलं,
चोरून नेण्यासारखं आत काहीतरी आहे.